स्थिती शेतकऱ्याची, जाणीव कारकुनाची

मराठी कथात्म साहित्याच्या समीक्षेत गेल्या पाच-सहा दशकांत एक अलिखित वाटणी रूढ झाली आहे. ती कोणत्याही परिसंवादात ठराव करून झालेली नाही, कोणत्याही समीक्षकाने ती सिद्धांत म्हणून मांडलेली नाही. आणि म्हणूनच ती इतकी चिवट ठरली आहे. खेड्यातील, शेतातील, गावकुसाबाहेरील माणसाची कथा समोर आली की समीक्षक मार्क्सवादाकडे, अथवा मार्क्सवादाच्या नावावर खपणाऱ्या पातळ समाजशास्त्राकडे वळतो. शोषण, सावकारी, बाजारभाव, दुष्काळ, सरंजामी अवशेष ही तेथली परिभाषा. शहरातील, खोलीतील, एकट्या माणसाची कथा समोर आली की तोच समीक्षक जाणिवेकडे, कालानुभवाकडे, देहभानाकडे, परात्मतेकडे वळतो. एका पात्राच्या वाट्याला स्थिती येते, दुसऱ्याच्या वाट्याला जाणीव. शेतकरी परिस्थितीचा बळी असतो; कारकून परिस्थितीचा अनुभव घेतो.

जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी या वाटणीची किंमत नेमकी दिसते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा बियाण्यांचा व्यापार, लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा यांसाठी ओळखला जातो. पदव्युत्तर मराठीच्या वर्गात भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी किंवा शेतमजूर घरातला असतो. बियाण्याचे पाकीट फोडताना बापाचा हात क्षणभर कसा थांबतो, हे त्याने पाहिलेले असते. ग्रामीण कादंबरीवरील प्रश्नाला मात्र तो ‘शेतकरी जीवनाच्या विदारक वास्तवाचे प्रत्ययकारी चित्रण’ असे उत्तर लिहितो आणि त्याला गुण मिळतात. नवकथेवरील प्रश्नाला तोच विद्यार्थी ‘व्यामिश्र जाणिवेचा आविष्कार’ असे लिहितो आणि तेथेही त्याला गुण मिळतात. आपल्या बापाला जाणीव नसते, असे त्याला कोणीही सांगितलेले नाही. तरीही तो ते शिकलेला आहे.

ही वाटणी कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे. मार्क्सवादी साहित्यविचार मराठीत आला तो लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) या ग्रंथाच्या आणि पुढे प्रगतिशील लेखक चळवळीच्या वाटेने. साहित्य हे समाजाचे प्रतिबिंब आहे की नाही, ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’, या वादांच्या धुळीतून तो आला. फिनॉमिनॉलॉजी मात्र कधीच स्वतःच्या नावाने आली नाही. ती आली साठोत्तरी काळात, अस्तित्ववादाच्या बोटाला धरून, सार्त्र-कामूच्या चर्चेतून आणि लघुनियतकालिकांच्या बंडखोर वातावरणातून. परिणामी हुसर्लची पद्धत आणि महानगरातील तुटलेपण या दोन गोष्टी मराठी मनात एकरूप झाल्या. एक सिद्धांत मोर्च्याबरोबर आला, दुसरा भाड्याच्या खोलीत उतरला. नंतर सत्तरीच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिला हाताशी सापडला तो पहिला.

संज्ञांनीही घोटाळ्यात भर घातली. ‘फिनॉमिनॉलॉजी’ला मराठीत आजही एक सर्वमान्य प्रतिशब्द नाही, येथे ‘प्रतीतिमीमांसा’ हा शब्द वापरला आहे, तोही कामचलाऊ म्हणून. अधिक अनर्थ झाला तो ‘इंटेन्शनॅलिटी’च्या बाबतीत. जाणीव ही नेहमी कशाची तरी जाणीव असते, ती विषयाकडे वळलेलीच असते, एवढा या संज्ञेचा अर्थ. तिच्यासाठी ‘हेतू’ या शब्दापासून बनलेला शब्द वापरला गेला की विद्यार्थी ती ‘लेखकाचा हेतू’ म्हणून पाठ करतो आणि हुसर्लच्या नावावर चरित्रात्मक समीक्षा लिहितो. तिला विषयोन्मुखता म्हणावे, म्हणजे निदान हा अपघात टळेल.

यावर एक आक्षेप तत्काळ येईल. मराठीत ‘ग्रामीण जाणीव’, ‘दलित जाणीव’ या संज्ञा तर सर्रास वापरल्या जातात. मग शेतकऱ्याला जाणीव नाकारली, हे म्हणणे कशाच्या आधारावर? आधार या संज्ञांच्या वापरातच आहे. ‘ग्रामीण जाणीव’ म्हणजे ग्रामीण प्रश्नांचे भान, त्यांविषयीची लेखकाची आस्था, बांधिलकी. ती समूहाची असते आणि समूहाला एकच असते. गंगाधर गाडगीळांच्या कथेतील पात्राची जाणीव म्हणजे एका माणसाला जग कसे प्रतीत होते त्याची रचना. शब्द एक, पदार्थ दोन. ‘नागर जाणीव’ हा शब्दप्रयोग अधूनमधून होतो, पण तो वापरून शहरी कथेतील पात्राचे अनुभवविश्व कोणी आटोपते घेत नाही. ‘ग्रामीण जाणीव’ वापरून तेच नेमके केले जाते.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळावे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकातून वाचली. आठवडी बाजार, टोमॅटोंचा ढीग, उतरत जाणारा भाव, हतबल बाप, पाहणारा शाळकरी मुलगा. आणि अखेरीस बापाने स्वतःच्याच मालावर नाचून केलेला लाल चिखल. या कथेवरील रूढ भाष्य सर्वांना पाठ आहे: शेतमालाला भाव नाही, उत्पादनखर्च निघत नाही, दलाल आणि गिऱ्हाईक दोघेही नाडतात, शेतकऱ्याचा उद्रेक होतो. हे सारे खरे आहे. परंतु एवढेच सांगायचे असते तर बाजार समितीच्या दरपत्रकाने ते अधिक नेमकेपणाने सांगितले असते. कथेत जे घडते ते दरपत्रकात घडत नाही.

काय घडते? शेतात असेपर्यंत टोमॅटो ही वस्तू पाणी, शेणखत, तोडणी, घरच्या माणसांची पाठ, पोराची फी अशा असंख्य संबंधांनी वेढलेली असते. पालावर मांडताक्षणी ती एका आकड्यात गोळा होते. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) लाकडी टेबलाचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते: वापराची साधी वस्तू विक्रीला आली की ती इंद्रियगोचर असूनही इंद्रियातीत होते, तिला स्वतःचेच डोके फुटते. ‘लाल चिखल’मधील बाप दिवसभर या अदृश्य डोक्याशी झुंजतो. भाव उतरतो म्हणजे समोरचा टोमॅटो बदलत नाही; तो तसाच तांबडा, तसाच ताजा असतो. बदलते ते असे काही, की जे डोळ्यांना दिसत नाही, पण ज्याच्यामुळे दिसणारे सारे व्यर्थ ठरते. दिसणारे आणि मोलाचे यांच्यातील ही फट हीच त्या बापाची प्रतीती आहे. ती आर्थिक आहे आणि ती जाणिवेची आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

म्हणून त्याचे तुडवणे हा नुसता ‘उद्रेक’ नव्हे. पायाखाली टोमॅटो फुटतो तेव्हा तो पुन्हा वस्तू होतो: ओला, निसरडा, तांबडा, मातीत मिसळणारा. ज्या आकड्याने त्याचे वस्तूपण हिरावले होते, त्या आकड्याच्या तावडीतून बाप त्याला, नष्ट करूनच का होईना, सोडवून आणतो. पण्यवस्तूचा चिखल करणे ही त्या बाजारातील एकमेव कृती अशी आहे, की जिच्यात बापाचा देह आणि त्याचा माल यांची पुन्हा गाठ पडते. हे वाचन केवळ मार्क्सवादाने सुचणार नाही, कारण त्याला पायांत रस नाही. केवळ प्रतीतिमीमांसेनेही सुचणार नाही, कारण तिला भावात रस नाही. आणि हे सारे मुलाच्या नजरेतून उलगडते, या गोष्टीचा विचार तर अजून सुरूही झालेला नाही. बापाचे नाचणे मुलाला पूर्णतः कळत नाही. त्याला ते दिसते. त्या न कळण्यात वाचकाला जागा मिळते. वोल्फगांग इझरने वाचनप्रक्रियेतील रिकाम्या जागांविषयी १९७६ मध्ये विस्ताराने लिहिले. त्याच्या मराठी भाष्यकारांना उदाहरणांसाठी इंग्रजी कादंबरीच का लागावी, हे कळत नाही. पाठ्यपुस्तकातील धडा पुरला असता.

वस्तुतः या दोन सिद्धांतपरंपरा युरोपात एकमेकींपासून इतक्या दूर कधीच नव्हत्या. लुकाचने १९२३ मध्ये वस्तूकरणाचा विचार मांडला तेव्हा त्याला केवळ कारखान्यातील संबंध सांगायचे नव्हते. त्या संबंधांमुळे माणसाला काळ कसा तुकड्या-तुकड्यांचा, मोजता येणाऱ्या लांबीसारखा भासू लागतो, हे सांगायचे होते. तो जाणिवेच्या रचनेचाच प्रश्न होता. पॅरिसमध्ये राहून लिहिणारा व्हिएतनामी तत्त्वज्ञ त्रान दुक थाओ याने १९५१ मध्ये फिनॉमिनॉलॉजी आणि द्वंद्वात्मक भौतिकवाद यांना एकाच ग्रंथात समोरासमोर उभे केले. झेक विचारवंत कारेल कोसिक याने १९६३ मध्ये तेच निराळ्या वाटेने केले. सार्त्र तर १९५७ पासून मार्क्सवाद्यांना हेच बजावत होता, की लेखकाचा वर्ग सांगितल्याने तो वर्गातील इतरांपेक्षा वेगळा का झाला हे सांगून होत नाही. आणि या सर्वांच्या आधी खुद्द तरुण मार्क्सने, १८४४ च्या हस्तलिखितांत, माणसाची पाच इंद्रिये ही आजवरच्या साऱ्या इतिहासाची घडण आहे असे म्हणून ठेवले होते. ती हस्तलिखिते छापून आली १९३२ मध्ये. म्हणजे पेंडसे यांच्या ग्रंथाच्या तीन वर्षे आधी. पण त्यांची मराठीत दखल घ्यायला फार उशीर झाला.

मराठीत हा धागा अजिबात नव्हता असेही नाही. शरच्चंद्र मुक्तिबोध हे मार्क्सवादी होते, कवी होते, आणि ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’, ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबऱ्यांचे लेखक होते. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याचे मूल्य शोधताना ते वर्गहितापाशी थांबले नाहीत. ‘मानुषता’ या संकल्पनेपर्यंत गेले आणि निर्मितीचा अनुभव आतून पाहू लागले. त्यांना प्रतिसाद काय मिळाला? सौंदर्यवाद्यांनी त्यांना मार्क्सवादी म्हणून बाजूला ठेवले आणि मार्क्सवाद्यांनी सौंदर्यवादी म्हणून. आज ते प्रश्नपत्रिकेत टिपेपुरते उरले आहेत.

तथापि प्रतीतिमीमांसा शेतकऱ्यापर्यंत आणली की प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. या वाटेवर एक खड्डा आहे आणि त्यात मोठी माणसे पडली आहेत. हायडेग्गरने १९३५ च्या सुमारास कलाकृतीच्या उगमाविषयीच्या व्याख्यानात व्हॅन गॉगच्या जोड्यांच्या चित्रावर केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. त्या झिजलेल्या जोड्यांत त्याला शेतकरी स्त्रीचे श्रम, मातीची हाक, धान्याचे पिकणे, मृत्यूची चाहूल असे सारे विश्व दिसले. १९६८ मध्ये कलेतिहासकार मेयर शापिरो याने दाखविले, की जोडे बहुधा शेतकरीणीचे नसून चित्रकाराचे स्वतःचे, शहरात वापरलेले होते. तत्त्वज्ञाने आपल्याच मनातील शेतकरीण चित्रात पाहिली. तिला भाव माहीत नव्हता, खंड माहीत नव्हता, कर्ज माहीत नव्हते. तिला फक्त माती माहीत होती. आणि हे विवेचन करणारा गृहस्थ १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झालेला होता, हेही विसरता येत नाही. इतिहास वजा केलेल्या मातीची पूजा कोणाच्या कामी येते, याचा तो पुरावा आहे.

मराठी ग्रामीण समीक्षेला हा खड्डा अपरिचित नाही. मार्क्सवादी अहवाल लिहून कंटाळा आला की ती ‘मातीचा सुगंध’, ‘काळ्या आईशी असलेले नाते’, ‘बोलीचा अस्सल गोडवा’ यांकडे वळते. हीच येथली देशी, बिनपैशाची प्रतीतिमीमांसा. शेतकऱ्याला आतून पाहण्याचा आव आणून ती त्याला झाडाच्या आणि बैलाच्या रांगेत बसविते. अहवाल आणि सुगंध या दोन टोकांमध्ये हेलकावणारी समीक्षा दोन्ही टोकांना एकच गोष्ट करते: पात्राला विचार करू देत नाही.

म्हणूनच कोण पाहतो आणि कोण पाहिला जातो, हा निवेदनाचा प्रश्न तांत्रिक नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांचे एक आख्खे विश्व आहे, पण ते प्रतीत होते ते वाडीवर आलेल्या तरुण मास्तराला. मास्तर नवखा आहे, म्हणून त्याला सारे दिसते. धनगरांना जे सवयीचे, ते त्याला दृश्य. कादंबरीचे अपूर्व सौंदर्य या अंतरातून आले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण समीक्षेने या अंतराची चौकशी न करता मास्तराची दृष्टी हीच वाडीची जाणीव समजून घेतली. दुष्काळाने वाडी उठून जाते तेव्हा मास्तराला रितेपण जाणवते. जाणाऱ्यांना काय जाणवते, हा प्रश्न कादंबरीच्या बाहेरचा नाही. तो तिच्या कडेवर उभा आहे.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या दृष्टीने अधिक धीट कृती ठरते. मराठवाड्यातील खेड्यातल्या शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत येथे त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या बोलीत येते. मध्ये मास्तर नाही. ‘पारंपरिक कारागिराचा ऱ्हास’ हे या कादंबरीचे नेहमीचे शीर्षक. परंतु हा ऱ्हास तिला ऱ्हास म्हणून कधी समोर दिसतच नाही. तिला दिसतो नवरा, त्याचे गप्प होणे, त्याचा हट्ट, घरातील ताण. गावातील सत्ता आणि बदलता धंदा या घरात शिरतात ते स्वभावाचे रूप घेऊन. मार्क्सवादी वाचक येथे अडखळतो आणि म्हणतो, निवेदकेला परिस्थितीचे पुरेसे भान नाही. हा आरोप उलटा आहे. आर्थिक संबंध घराच्या आत नेहमी स्वभाव म्हणूनच भोगले जातात, हे ती जितक्या अचूकपणे दाखविते तितके कोणत्याही पाया-इमल्याच्या आकृतीने दाखविलेले नाही. बोली येथे गोडव्यासाठी नाही. जे प्रमाण मराठीत ‘शोषण’ या नामाने एका झटक्यात सांगून मोकळे होता येते, ते बोलीत क्रियापदाक्रियापदाने भोगावे लागते, म्हणून ती आहे.

वाटणीच्या दुसऱ्या बाजूलाही तितकेच नुकसान झाले आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) अस्तित्ववादी म्हणून इतकी गाजली, की पांडुरंग सांगवीकराचे रिकामपण कोणाच्या खर्चाने चालले होते, हा प्रश्न बराच काळ असभ्य वाटावा. तो खानदेशातील सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा आहे. पुण्यातील त्याचे वसतिगृह, त्याची उधळपट्टी, त्याचे नापास होणे हे सारे वडिलांच्या पैशावर उभे आहे, आणि त्या पैशाविषयीचा त्याचा तिटकारा कादंबरीभर पसरलेला आहे. म्हणजे येथे शेतीतील वरकड उत्पन्न शहरात जाऊन निरर्थकतेचा अनुभव होते. निरर्थकता त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट तिला वजन येते; कारण ती आता हवेतली राहत नाही. सांगवीकराची जाणीव वाचायला जमाखर्चाची वही लागते, आणि ‘लाल चिखल’मधील बापाचा जमाखर्च वाचायला जाणीव लागते. मराठी समीक्षेने साधने नेमकी उलट हातांत दिली.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) ही कादंबरी जालन्याच्या वर्गात वाचताना तर हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. लेखक शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील. सिंदखेडराजापासून जालना हाकेच्या अंतरावर. एकेकाळी या दोहोंमध्ये निजामाच्या राज्याची आणि वऱ्हाडची सीमा होती, पण माती, पीक आणि बाजार तेव्हाही सीमा पाळत नव्हते. एकनाथ शिकलेला आहे, पात्र आहे, परंतु नोकरीसाठी द्यायला पैसा नाही म्हणून शेतीत अडकला आहे. अलकाशी त्याचा संसार या कोंडीतच विरत जातो. ‘कृषिसंस्कृतीच्या पडझडीचा दस्तऐवज’ हे या कादंबरीला चिकटलेले बिरुद. दस्तऐवज हा शब्द समीक्षकाने गौरवार्थी वापरावा आणि कादंबरीकाराने तो निमूट स्वीकारावा, यापेक्षा कादंबरीचा मोठा अवमान कोणता? दस्तऐवजाला काळ नसतो, तारीख असते. एकनाथला काळ आहे: हंगामाचा एक, नोकरीच्या जाहिरातींचा दुसरा, संसाराचा तिसरा. हे तीन काळ एकमेकांत बसत नाहीत, हीच त्याची शोकांतिका आहे. पेरणीचा काळ फिरून येतो, वयाचा काळ येत नाही.

याच ठिकाणी जालन्याचा बियाण्यांचा धंदा केवळ भौगोलिक माहिती राहत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीला देशात पहिली परवानगी मिळाली ती महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतील वाणांना. ‘बारोमास’ही त्याच वर्षीची. संकरित बियाण्याने उत्पन्न किती वाढले आणि खर्च किती, हा अर्थशास्त्राचा विषय आहे आणि तो तेथेच सोडावा. कथात्म साहित्याचा विषय निराळा आहे. घरचे बी शेतकरी तळहातावर घेऊन पारखत असे, दाताखाली धरून पाहत असे, राखेत घालून कणगीत ठेवत असे. ते बी म्हणजे मागचे वर्ष होते, हातात धरता येणारे. संकरित बी पुढच्या पेरणीसाठी राखून उपयोग नसतो. त्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत. ते दरवर्षी पाकिटातून येते आणि पारख करायची ती पाकिटावरील नावाची, दुकानदाराच्या शब्दाची. हात आणि दात यांचे ज्ञान निकामी झाले. मार्क्सने म्हटलेली इंद्रियांची ऐतिहासिक घडण हीच, आणि हुसर्लने १९३६ मध्ये विज्ञानाच्या आकड्यांखाली गाडल्या जाणाऱ्या ज्या जीवनविश्वाविषयी लिहिले तेही हेच. बियाण्याच्या पाकिटापाशी थांबणारा तो हात कोणत्या सिद्धांताच्या हद्दीत येतो?

येथे तात्त्विक आक्षेप घेतला जाईल, की ही भेसळ आहे. हुसर्लची पद्धत जगाच्या अस्तित्वाविषयीचा प्रश्न कंसात टाकते. मार्क्सचा विचार त्या कंसालाच वर्गीय चैन मानतो. दोघांना एका गाडीला कसे जुंपणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. दोघांचा समन्वय होत नाही, तो करण्याचा अट्टाहासही नको. परंतु हा विरोध ग्रंथालयात बसून सोडवायचा नसतो. तो कोठे पेटतो हे कथा दाखविते. शेतकऱ्याच्या प्रतीतीत बाजारभाव कंसात टाकता येत नाही. तो झाडाकडे पाहतो तेव्हाच त्याला झाडावर लटकलेला भाव दिसत असतो. म्हणजे येथे कंस घालण्याची पद्धतच अपुरी पडते, आणि ती कोणापाशी पुरी पडत होती हेही उघड होते: ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो त्यापाशी. उलट, भावाने सारे ठरते असे म्हणणाऱ्या मार्क्सवाद्याला ‘लाल चिखल’मधील नाचणे समजावून सांगता येत नाही. भाव पडलेल्या त्या बाजारात इतरही शेतकरी होते, नाचला एकच.

मात्र या दोन्ही सिद्धांतांची एकत्रित मर्यादा लपविली तर हा सारा खटाटोप लबाडीचा होईल. ‘जीवनविश्व’ हा शब्द एकवचनी आहे आणि मराठवाड्यातील गाव एकवचनी नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या सोळा वर्षांत ग्रामीण कथा-कादंबरी बहरात होती. तिच्यातील ‘गाव’ कोणाला घर म्हणून प्रतीत होत होते आणि कोणाला धोका म्हणून, हे विचारल्याशिवाय ‘ग्रामीण अनुभवविश्व’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार पोहोचत नाही. बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मध्ये दाखविलेली देहाची सावधता, प्रत्येक प्रश्नाआधी आवळला जाणारा श्वास, वर्गाच्या परिभाषेत मावत नाही आणि हुसर्लच्या निर्विशेष ‘मी’तही मावत नाही. शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) लिहून मार्क्सवाद्यांना याच जागी अडविले. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद असू शकतात. पण त्यांचा प्रश्न ओलांडून पुढे जाता येत नाही. जातीला ‘इमल्या’त ढकलणारा मार्क्सवाद आणि जातीला ‘पार्श्वभूमी’त विरघळविणारी प्रतीतिमीमांसा ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत.

संकरित कापसाचे बी तयार करताना प्रत्येक कळीतील पुंकेसर संध्याकाळी हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर हातानेच पराग लावावा लागतो. स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नसतो. हे काम पुष्कळदा बायांच्या आणि पोरींच्या हातांवर चालते, कारण बोटे बारीक लागतात आणि रोज कमी द्यावा लागतो. या बोटांवर उद्या कोणी कथा लिहिली, तर तिच्यावरील परिसंवादात एक वक्ता रोजाचा दर सांगेल, दुसरा स्पर्शसंवेदनेवर बोलेल, आणि अध्यक्ष समारोपात दोन्ही दृष्टिकोनांचे स्वागत करतील. बारीक बोटे आणि कमी रोज ही एकच गोष्ट आहे, हे त्या सभागृहात कोण म्हणणार?

तूर्त एक साधा प्रयोग प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना करता येण्याजोगा आहे. ‘ग्रामीण कादंबरीतील आर्थिक-सामाजिक वास्तव स्पष्ट करा’ आणि ‘नवकथेतील जाणिवेचे स्वरूप विशद करा’ हे दोन प्रश्न वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. येत्या परीक्षेत त्यांतील ‘ग्रामीण कादंबरी’ आणि ‘नवकथा’ ही दोन पदे एकमेकांच्या जागी टाकावीत, आणि मंठा-परतूरहून येणारा विद्यार्थी तीन तासांत काय लिहितो ते तपासावे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, नवा ग्रंथही मागवावा लागत नाही.